आयर्लंडचे देशी खेळ

आयर्लंडमध्ये हर्लिंग व गेलिक फुटबॉल हे देशी खेळ फार लोकप्रिय आहेत. परकीय राजवटीत ते लोप पावू नयेत, म्हणून १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स या गावी गेलिक क्रीडासंघाची स्थापना झाली.

या संघाची रचना शिडीसारखी आहे. तळाशी गावोगावचे क्लब. त्यांवर ३२ काउंट्या, म्हणजे जिल्हे. आणि त्यांवर अल्स्टर, मन्स्टर, लेन्स्टर व कॉनाक्ट हे चार प्रांत. क्लबातील निवडक खेळाडू आपल्या काउंटीकडून खेळतात. फुटबॉलमध्ये काउंट्यांचे सामने प्रथम प्रांतिक व नंतर अखिल आयर्लंड अजिंक्यपदासाठी होतात. अंतिम सामना डब्लिनच्या क्रोक पार्कवर रंगतो. खेळाडूंना वेतन मिळत नाही. काउंटीच्या मानासाठीच ते झुंजतात.

१९२१ मध्ये देशाची फाळणी झाली. अल्स्टरच्या नऊ काउंट्यांपैकी सहा ब्रिटिश राज्यात राहिल्या. क्रीडासंघाने मात्र आपला नकाशा बदलला नाही. फुटबॉलमध्ये त्या नऊही काउंट्या आजही अल्स्टरच्याच अजिंक्यपदासाठी खेळतात. १९६० मध्ये त्या सहांपैकी डाउन काउंटीने अखिल आयर्लंड अजिंक्यपद जिंकले, तेव्हा तो चषक प्रथमच सीमेपलीकडे गेला. दुभंगलेल्या बेटाला खेळाने असे जोडून ठेवले आहे.

प्रश्न : फाळणीनंतरही क्रीडासंघाने आपला नकाशा का बदलला नसेल?