कॉटन ग्रीन मागे का राहिलं?

प्रश्न : आम्ही काळाचौकीकर. एका बाजूला चिंचपोकळी, दुसऱ्या बाजूला कॉटन ग्रीन. चिंचपोकळीचं रूप पालटलं, उद्‌घाटनही झालं. कॉटन ग्रीन मात्र तसंच. त्याचं नाव 'काळाचौकी' झाल्याचं पेपरात वाचलं होतं, त्याचंही पुढे काही दिसलं नाही. हार्बरवाले रेल्वेला सावत्र वाटतात का?
— एक वाचक, अभ्युदयनगर

उत्तर : तुमची तक्रार एकच दिसत असली तरी तिच्यात तीन वेगवेगळी कामं आहेत, आणि त्यातलं एक तर रेल्वेच्या हातातच नाही.

आधी चिंचपोकळी. ते काम केंद्राच्या 'अमृत भारत स्थानक' योजनेतलं. 22 मे 2025 रोजी देशभरातल्या 103 स्थानकांचं एकदम उद्‌घाटन झालं, त्यात महाराष्ट्रातली 15 होती. परळ, चिंचपोकळी, माटुंगा यांच्या जोडीला वडाळा रोडही होतं, आणि वडाळा तर हार्बरवरच! तेव्हा हार्बर म्हणून डावललं, असं म्हणता येत नाही. कॉटन ग्रीन त्या 103 मध्ये नव्हतं, एवढंच खरं. या योजनेत प्रवेशद्वार, छप्पर, फरशी, स्वच्छतागृहं, पाट्या अशी कामं होतात. स्थानक नीटनेटकं होतं, पण लोकल काही त्यामुळे लवकर येत नाही.

लोकलची कामं होतात 'एमयूटीपी'तून, म्हणजे राज्य सरकार आणि रेल्वे यांच्या भागीदारीतल्या प्रकल्पातून. इथे हार्बरचं पारडं तुम्हाला वाटतं तितकं हलकं नाही. ते कळायला जरा मागे जाऊ. कुर्ला ते रे रोड हा मार्ग 12 डिसेंबर 1910 ला सुरू झाला. 3 फेब्रुवारी 1925 ला देशातली पहिली विजेची गाडी धावली ती व्हीटी (पुढचं सीएसटी) ते कुर्ला, हार्बर मार्गानेच. बाकीचा देश कोळशाच्या धुरात असताना तुमच्या दारावरून विजेची गाडी जात होती.

ती वीज होती 1500 व्होल्टची, डीसी. मुंबईने ती 91 वर्षं वापरली. शेवटची डीसी लोकल 9 एप्रिल 2016 च्या रात्री कुर्ल्याहून सीएसटीला गेली, तीही हार्बरवरूनच. एमयूटीपीतल्या कामामुळे आता तारेत 25,000 व्होल्टची एसी वीज आहे. (हा 'एसी' विजेचा, गारेगार डब्याचा नव्हे.)

याने काय साधलं? दाब सुमारे सतरा पटींनी वाढला की तेवढ्याच शक्तीसाठी तारेतून वाहणारा प्रवाह सतरा पटींनी कमी लागतो. तार तापून वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ती नासाडी फारच घटते. वीज दूरवर नेता येते, त्यामुळे उपकेंद्रंही कमी लागतात. त्याच 2016 मध्ये हार्बरच्या नऊ डब्यांच्या गाड्या बारा डब्यांच्या होऊ लागल्या आणि त्यासाठी स्थानकांचे फलाट लांबवावे लागले. एका फेरीत एक तृतीयांश जागा वाढली. माझ्या मते कॉटन ग्रीनचं सर्वांत मोठं आधुनिकीकरण हेच. ते डोक्यावरच्या तारेत आणि फलाटाच्या टोकाला झालं, म्हणून कुणाच्या डोळ्यांत भरलं नाही.

राहिलं नाव. मार्च 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कॉटन ग्रीनचं काळाचौकी, करी रोडचं लालबाग, डॉकयार्ड रोडचं माझगाव अशी नावं मंजूर केली. जुलैमध्ये विधिमंडळाने तसा ठरावही केला. 'नाव बदललं' अशी समजूत तिथूनच पसरली. पण राज्याचा ठराव ही निव्वळ शिफारस असते. ती केंद्रीय गृहमंत्रालयाकडे जाते. तिथून संमती आली की राज्य अधिसूचना काढतं, आणि त्यानंतरच रेल्वे पाट्या, तिकीटयंत्रणा आणि उद्‌घोषणा बदलते. शेजारचंच उदाहरण घ्या. एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी करण्याचा ठराव डिसेंबर 2016 चा, पाटी लागली जुलै 2018 मध्ये.

तेव्हा फरशी, छप्पर, स्वच्छतागृहाबद्दल लिहायचं असेल तर मध्य रेल्वेच्या मुंबई विभागीय व्यवस्थापकांना लिहा, आणि नावाचा पाठपुरावा आमदार-खासदारांकडे करा. पाटी बदलेपर्यंत तिकीट मात्र कॉटन ग्रीनचंच काढा.