उन्हाळी टी-शर्टवर रंगकाम : घरबसल्या हलाल रोजी

सिन्नरमध्ये घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रियांची परंपरा जुनी आहे. बोटांत कसब आहे, पण तंबाखूची धूळ आरोग्य खाते. अशा घरांना आणि लहान कापड दुकानदारांना उन्हाळ्यात जोडधंदा म्हणून टी-शर्टवरील रंगकाम आम्ही सुचवू इच्छितो. भांडवल थोडे लागते, जागा एका पाटाएवढी पुरते.

कापड : टी-शर्ट सुती होजिअरीचाच घ्यावा. पॉलिस्टरवर साधा फॅब्रिक रंग नीट धरत नाही. नव्या कापडाला खळ असते, म्हणून तो आधी धुवावा, वाळवावा, इस्त्री करावा. कापड मऊ करणारे द्रव्य वापरू नये. सुरुवात पांढऱ्या किंवा फिक्या रंगावर करावी. गडद कापडावर आधी पांढऱ्याचा हात द्यावा लागतो.

कृती : टी-शर्टच्या आत प्लॅस्टिक गुंडाळलेला पुठ्ठा घालावा, म्हणजे रंग पाठीवर उतरत नाही. जुन्या एक्स-रे फिल्मवर नक्षी कापून साचा करावा. स्पंजवर अगदी थोडा रंग घेऊन हलके टिपत जावे. पाणी जास्त झाले तर रंग फुटतो. थर जाड झाला तर होजिअरी ताणताच तडा जातो. दोन पातळ थर बरे. रंग पूर्ण वाळू द्यावा, साधारण एक दिवस. मग कापड उलटे करून, वाफेशिवाय गरम इस्त्री फिरवावी. पहिली धुलाई दोन-तीन दिवसांनंतर. बाटलीवर वेगळी सूचना असल्यास तीच पाळावी.

नक्षी : वेलबुट्टी, भौमितिक जाळी, मुलाचे नाव, क्रिकेट संघाचे नाव चांगले खपते. आयती किंवा अल्लाहचे नाव कपड्यावर घालू नये. कपडा धुण्यात आणि घाणीत जातो, अदब राहत नाही. नामांकित कंपन्यांची चिन्हे आणि कार्टूनही उतरवू नयेत. तो दुसऱ्याचा हक्क आहे.

हिशोब : समजा, कोरा टी-शर्ट १२० रुपये, रंग १५, वीज व किरकोळ ५. रोजची मजुरी ३५० धरून दिवसाला पाच नग झाले, तर नगामागे ७०. बिघडणाऱ्या नगांसाठी १०. एकूण २२० रुपये. घरच्या स्त्रीची मजुरी न धरता १६० ला माल विकणारा नफा कमावत नाही, तिचे कष्ट फुकट वाटतो. ऑर्डरवर निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. नाव घातलेला टी-शर्ट दुसरा कोणी घेत नाही.

सचोटी : प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली. ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी व्यापाऱ्याला विचारले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे बजावले. आपल्या धंद्यात ही ओल म्हणजे कच्चा रंग. तो दुकानात दिसत नाही, गिऱ्हाइकाच्या बादलीत दिसतो. म्हणून प्रत्येक नव्या रंगाचा एक नमुना पाच वेळा धुऊन पाहावा आणि तोच धुतलेला नमुना गिऱ्हाइकासमोर ठेवावा. 'उलटा करून, थंड पाण्यात, हाताने धुवा' अशी चिठ्ठी प्रत्येक नगासोबत द्यावी.

नाशिक-पुणे आणि शिर्डी या दोन्ही वाटांवरचे हे गाव आहे, माल खपवायला रस्ता मोकळा आहे. पाच नगांनी सुरुवात करावी. बरकत देणारा अल्लाह आहे.