रॉ छायाचित्रे काळोखी का दिसतात? : सुरतेतील एका चुकीचा धडा

मागील हिवाळ्यात इतिहास विभागाच्या सहलीबरोबर मी सुरतेस गेलो होतो. सुरत म्हटले की आपल्याला १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. आम्ही मात्र पाहावयास गेलो होतो तेथील डच, इंग्रज व आर्मेनियन कबरस्थाने. पहिल्या स्वारीच्या वेळी इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख असलेला जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ मध्ये वारला. तो आणि त्याच्या आधी १६५९ मध्ये वारलेला त्याचा भाऊ ख्रिस्तोफर हे दोघे एकाच घुमटाकार वास्तूत विसावले आहेत. डच कबरस्थानात हेन्ड्रिक व्हान रीड याची भव्य कबर आहे. मलबारच्या वनस्पतींवरील बारा खंडांच्या 'होर्टुस मलबारिकुस' या ग्रंथाचा हा कर्ता. रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या कोकणी वैद्यांचे नागरी लिपीतील निवेदन त्या ग्रंथात छापलेले आहे. तेव्हा ही कबर आपल्यालाही अगदीच परकी नाही.

छायाचित्रे काढण्याचे काम द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याकडे होते. घुमटांवर लख्ख ऊन, कमानींखाली दाट सावली आणि थडग्यांवर झिजलेली अक्षरे, असा तो अवघड विषय. मी त्याला सर्व चित्रे 'रॉ' स्वरूपात काढण्यास सांगितले होते.

परत आल्यावर विभागातील संगणकावर ती उघडली. मौज अशी की, प्रत्येक चित्र क्षणभर स्वच्छ दिसे आणि मग डोळ्यांदेखत काळवंडे. कमानीखालची अक्षरे तर काळोखात बुडून गेली. मी सर्वांसमक्ष त्या विद्यार्थ्याला बोललो. "सर, कॅमेऱ्यात तर नीट दिसत होती," एवढेच तो म्हणाला. "कॅमेऱ्याचा पडदा फसवा असतो," असे म्हणून मी त्याला गप्प केले. पुन्हा सुरतेस जाणे शक्य नव्हते, म्हणून माझा त्रागा अधिकच वाढला.

तीन दिवसांनी खरा प्रकार उलगडला. चूक विद्यार्थ्याची नव्हती, माझ्या अज्ञानाची होती. ते अज्ञान पुष्कळांचे असते, म्हणून हा लेख.

ज्यांनी फिल्मचा काळ पाहिला आहे त्यांना एक उपमा लगेच पटेल. रॉ फाइल म्हणजे निगेटिव्ह आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसते तो कॅमेऱ्याने स्वतःच्या आवडीने काढलेला प्रिंट. हा प्रिंट जेपेग रूपात रॉ फाइलच्या पोटातच साठवलेला असतो. सॉफ्टवेअर प्रथम तोच दाखवते आणि मग मूळ निगेटिव्हवरून आपला वेगळा प्रिंट तयार करते. चित्र डोळ्यांदेखत बदलते ते यामुळे.

हा दुसरा प्रिंट काळा का येतो, याची मुख्य कारणे दोन.

पहिले कारण प्रकाशाच्या मोजणीत आहे. कॅमेऱ्याचा संवेदक प्रकाश सरळ प्रमाणात मोजतो. प्रकाश दुप्पट झाला की आकडा दुप्पट होतो. आपला डोळा असे करीत नाही. डोळ्याला मध्यम राखाडी वाटणारा पृष्ठभाग प्रत्यक्षात सुमारे १८ टक्केच प्रकाश परत पाठवतो. ० ते २५५ या मापावर सरळ हिशेबाने त्याचा आकडा ४६ येतो. डोळ्याला पटेल असे रूपांतर केल्यावर तो ११८ च्या आसपास जातो. हे रूपांतर प्रत्येक सॉफ्टवेअर करतेच. परंतु कॅमेरा-उत्पादक याखेरीज उजळपणाची व ठसठशीतपणाची आपली खास वक्ररेषा चढवतो. ती दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरला ठाऊक असेलच असे नाही.

दुसरे कारण अधिक लबाड आहे, आणि आमच्या बाबतीत मुख्यतः तेच घडले होते. उन्हातील पांढरे भाग करपू नयेत म्हणून अनेक कॅमेऱ्यांत एक स्वयंचलित सोय असते. ती चालू असता कॅमेरा मुद्दाम कमी प्रकाश घेतो आणि आपल्या जेपेगमध्ये सावल्या उजळून घेतो. रॉ मात्र कमी प्रकाशाचेच राहते. फुजीफिल्मच्या कॅमेऱ्यात 'डायनॅमिक रेंज २००' निवडल्यास रॉ एक स्टॉप आणि '४००' निवडल्यास दोन स्टॉप कमी उजळ येते. कॅननमधील 'हायलाइट टोन प्रायॉरिटी' याच जातीची आहे. काही सॉफ्टवेअर ही खूण वाचून भरपाई करतात, काही करीत नाहीत.

आता उपाय. क्रम महत्त्वाचा आहे.

(१) प्रथम पडदा तपासा. उजेडाच्या खोलीत मंद केलेल्या पडद्यावर चांगले चित्रही काळे दिसते. डोळ्यापेक्षा हिस्टोग्रामवर विश्वास ठेवा.

(२) फाइलच्या पोटातील जेपेग शेजारी ठेवून तुलना करा. सगळी चित्रे साधारण सारखीच काळी असतील तर दोष बहुधा सॉफ्टवेअरच्या मूळ मांडणीचा किंवा कॅमेऱ्यातील सोयीचा. जेपेगही काळेच असेल तर मात्र प्रकाशच कमी पडला.

(३) योग्य पाया निवडा. लाइटरूममध्ये कॅमेऱ्याशी जुळणारे प्रोफाइल निवडता येते. रॉथेरपी या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये पोटातील जेपेग पाहून वक्ररेषा जुळवण्याची सोय आहे. डार्कटेबलमध्ये एक्स्पोजरचे साधन हाच आरंभ मानावा.

(४) आधी एक्स्पोजर, मग सावल्या, शेवटी काँट्रास्ट. एक स्टॉप वाढवणे म्हणजे उजळपणा दुप्पट करणे. आरंभीच सावल्यांची पट्टी ओढली तर चित्र फिकट आणि चिकट दिसू लागते. आमच्या चित्रांना सुमारे सव्वा स्टॉप पुरला.

(५) जमलेली मांडणी जपून ठेवा व त्याच उजेडात काढलेल्या सर्व चित्रांना एकदम लावा.

(६) ही दुरुस्ती रॉवरच करा, जेपेगवर नव्हे. चौदा बिटांच्या रॉमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६. मूळ फाइल बिघडण्याची भीती नको. ही सॉफ्टवेअर आपले बदल मूळ फाइलला हात न लावता वेगळे नोंदवून ठेवतात.

मात्र रॉ म्हणजे अक्षय पात्र नव्हे. त्या १६,३८४ पायऱ्यांपैकी ८,१९२ सर्वांत उजळ स्टॉपलाच मिळतात, पुढच्याला ४,०९६, आणि असे निम्मे होत होत सहाव्या स्टॉपच्या वाट्याला २५६ उरतात. शिवाय तेथे मुळात प्रकाशच थोडा पोचलेला असतो. म्हणून गडद सावली फार उचलली की दाणे उमटतात. यास्तव रॉ काढताना ती स्वयंचलित सोय बंद ठेवावी आणि पांढरे करपणार नाही इतपत भरपूर प्रकाश घ्यावा. कॅमेऱ्यातील हिस्टोग्रामही सामान्यतः जेपेगवरूनच काढलेला असतो, हे ध्यानात असावे.

इतिहासाच्या अभ्यासकाने आणखी एक पथ्य पाळावे. अक्षर वाचण्यासाठी चित्र हवे तेवढे उजळावे, पण मूळ फाइल व केलेल्या बदलांची नोंद दोन्ही जपावीत. नाहीतर दाण्यांनाच अक्षरे समजून वाचण्याचा मोह होतो.

असो. दुरुस्तीनंतर कमानीखालचा गिलावा दिसू लागला, थडग्यांवरील आर्मेनियन अक्षरांच्या कडा उठून आल्या. दोन चित्रे तेवढी हातची गेली. पुढच्या तासाला मी वर्गासमोर त्या विद्यार्थ्याची क्षमा मागितली, कारण बोललो होतो तेही वर्गासमोरच. तो ओशाळून हसला आणि म्हणाला, "सर, ती सोय मीच चालू ठेवली होती. पांढरा घुमट जळू नये म्हणून." म्हणजे त्याने विचार केला होता. निगेटिव्ह न तपासता निकाल दिला होता तो मी.