किट मागणं हा भित्रेपणा नाही

अहिल्यानगर,
१० मार्च २०२५

चि. प्राजक्ता हिस,


आयसोलेशन वॉर्डात ड्युटी लागल्याचं कळलं. ‘कोरोनासारखी साथ पुन्हा आली तर मला जमेल का?’ असं तू विचारतेस. जमेल. भीती वाटणारच नाही, असं मात्र मी सांगणार नाही. २०२० मध्ये सिव्हिलला, बूथ हॉस्पिटलला, पुढच्या वर्षी भाळवणीच्या कोविड सेंटरला ज्यांनी ड्युट्या केल्या, त्यांना विचारून बघ. स्वतःपेक्षा, आपल्यामुळे घरच्यांना लागण होईल याचीच धास्ती मोठी होती.

आज सावित्रीबाई फुल्यांचा स्मृतिदिन. शिक्षिकेचं प्रशिक्षण त्यांनी आपल्या नगरला, मिस फॅरारबाईंकडेही घेतलं. १८९७ च्या प्लेगात मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात त्या रुग्णांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आल्या आणि त्याच साथीत गेल्या. भाषणांतून हा त्याग तू ऐकशीलच. मला पुढचं सांगायचंय. त्यांच्या हातात मोजे नव्हते, प्लेगवर हमखास औषध नव्हतं, पिसवांमुळे तो पसरतो हेही तेव्हा कळलेलं नव्हतं. तुला आज बरंच काही ठाऊक आहे. तेव्हा त्यांचं धैर्य घे, पण ‘सेवा’ या नावाखाली कुणी बिनाकिटचं आत पाठवू लागलं, तर आधी पीपीई किट मागून घे.

किट घालताना सगळे जपतात. घात होतो तो काढताना. ड्युटी संपलेली असते, घामाने अंग चिकट झालेलं असतं, गॉगलवर वाफ साचलेली असते, कधी एकदा सुटते असं होतं. तिथेच सावकाश हो. आधी हातमोजे आणि गाऊन, मग गॉगल, अगदी शेवटी मास्क. तोही मागच्या दोरीला धरून. मधे मधे हात स्वच्छ करायचे. समोर मैत्रिणीला उभी कर, चुकलीस तर ती टोकेल.

किट काढावं लागू नये म्हणून कित्येक जणींनी पाणी पिणंच सोडलं होतं. तसं करू नकोस. आत जाण्याआधी पाणी पी, खा, आणि पाळी असेल तर इनचार्ज सिस्टरला संकोच न करता सांग.

शेजारी तोंड फिरवतील, घरमालक खोली सोडायला सांगेल, कुणी अंगावरही धावून येईल. २२ एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने आरोग्य कर्मचाऱ्यांवरचा हल्ला अजामीनपात्र गुन्हा ठरवला. अशा वेळी गप्प बसू नकोस, वरिष्ठांना कळव. आणि एखादा पेशंट हाती लागला नाही तर त्या रात्री एकटी राहू नकोस. मला फोन कर, कितीही वाजलेले असोत. झोप उडाली, हात थरथरू लागले तर रजा माग, डॉक्टरला दाखव.

किट नसेल तर आत जाऊ नकोस. किट असेल तर मागे राहू नकोस.

तुझी,
मावशी