संगणक क्षेत्रातील नोकरी आणि कामगार कायद्याचे संरक्षण

पुण्याजवळील हिंजवडी व खराडी येथील संगणक कंपन्यांत खेड्यापाड्यांतून आलेले अनेक पदवीधर नोकरीस आहेत. अशा एखाद्या तरुणास एके दिवशी मनुष्यबळ विभागाकडून बोलावणे येते. "राजीनामा लिहून द्या, अनुभवाचा दाखला चांगला मिळेल," असे त्यास सुचविले जाते. गावी आईवडिलांना मुलाने नोकरी सोडली एवढेच कळते. वस्तुतः त्याने ती सोडलेली नसते.

या एका कागदाने बरेच काही हातचे जाते. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ ची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० ने घेतली आहे. तथापि कामगार कपातीचे मूळ नियम कायम आहेत. वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगारास एक महिन्याची सूचना किंवा तितके वेतन द्यावे लागते. शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते. सहा वर्षे सेवा झालेल्या कामगारास ही भरपाई नव्वद दिवसांची होते. राजीनामा मात्र कपात ठरत नाही.

संगणकावर काम करणारा अभियंता 'कामगार' कसा, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. कायद्याच्या व्याख्येत कुशल व तांत्रिक कामाचा स्पष्ट समावेश असून अशा कामास वेतनाची मर्यादा नाही. अठरा हजार रुपयांची मर्यादा केवळ देखरेखीचे काम करणाऱ्यांसाठी आहे. व्यवस्थापकीय काम करणारे वगळलेले आहेत. परंतु हुद्द्यापेक्षा प्रत्यक्ष काम कोणते, हे न्यायालये पाहतात. 'मॅनेजर' ही पदवी या क्षेत्रात सढळ हाताने वाटली जाते, म्हणून हा मुद्दा महत्त्वाचा. मोठ्या कपातीपूर्वी शासनाची परवानगी घेण्याचे बंधन मात्र कारखाने, खाणी व मळे यांनाच आहे. संगणक कंपन्यांना ते लागू नाही. त्यामुळे संघटनेची गरज येथे अधिकच भासते.

संघटनेच्या नोंदणीसाठी किमान सात अर्जदार लागतात. मात्र आस्थापनेतील किंवा उद्योगातील दहा टक्के वा शंभर कामगार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके सभासद असावे लागतात. संगणक कर्मचाऱ्यांना संघटना स्थापता येते, असे तमिळनाडू शासनाने २०१६ साली स्पष्ट केले. कर्नाटकात २०१७ साली अशी संघटना नोंदली गेली. पुण्यातील 'नाइट्स' ही संघटना कर्मचाऱ्यांच्या तक्रारी कामगार खात्यापुढे मांडत असते. तरीही सभासदसंख्या वाढणे कठीण जाते. कोणी घरून, कोणी ग्राहकाच्या कचेरीत, कोणी कंत्राटदाराच्या नावावर काम करतो. शेजारच्या मेजावरील सहकाऱ्याचा मालक कोण, हेही कित्येकांना ठाऊक नसते.

राजीनामा दडपणाखाली घेतला गेला, हे शाबीत करण्याचा भार कर्मचाऱ्यावर येतो. म्हणून नेमणूकपत्र, पगारपत्रके व वरिष्ठांशी झालेला पत्रव्यवहार कंपनीच्या संगणकाबाहेर जपून ठेवणे अगत्याचे असते. कामावरून काढल्याचा वाद प्रथम कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्याकडे न्यावा लागतो. तेथे पंचेचाळीस दिवसांत तोड न निघाल्यास न्यायाधिकरणाकडे थेट दाद मागता येते. त्यासाठी काढून टाकल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.