शाळेची बस, जुना ट्रॅक्टर आणि तरफेचा नियम

बैलगाडी भरतांना खेड्यांतला शेतकरी एक गोष्ट कधींच विसरत नाहीं. पोतीं आंसाच्या मागें अधिक गेलीं कीं गाडी उलाळ होते, जूं वर उचललें जातें व बैलांचे गळे आवळतात. पुढें अधिक आलीं, तर सारें ओझें त्यांच्या मानेवर पडतें. तेव्हां भार किती आहे, ह्या प्रश्नाइतकाच तो कोठें आहे, हाही प्रश्न महत्त्वाचा होय. हाच नियम आज आपण एका परदेशी वाहनास लावून पाहूं.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शाळेच्या पिवळ्या बसगाड्या सर्वत्र दिसतात. सन १९३९ च्या एप्रिल महिन्यांत न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजांत फ्रँक सायर ह्या अध्यापकांनीं एक परिषद भरविली. तींत ह्या गाड्यांविषयीं ४४ नियम ठरले. पहांटेच्या व सायंकाळच्या अंधुक उजेडांतही काळीं अक्षरें ठळक दिसावींत, म्हणून पिवळा रंग पसंत करण्यांत आला. अशी बस साधारणतः बारा-पंधरा वर्षें मुलांची ने-आण करते व मग विक्रीस निघते. तिचें इंजिन व चाकें पुष्कळदां त्या वेळींही चांगलीं असतात.

त्याच देशांत जुने ट्रॅक्टर जिवापाड जपणारे लोकही फार आहेत. १९२४ सालीं निघालेला फार्मॉल, १९३४ चा जॉन डिअर 'ए', १९३९ चा फोर्ड '९एन' अशीं यंत्रें ते दुरुस्त करतात व प्रदर्शनांस नेतात. आयोवा संस्थानांतील माउंट प्लेझंट गांवीं जुन्या शेतकी यंत्रांचा असा मेळा १९५० सालीं सुरू झाला. एवढें जड यंत्र दूर न्यावयाचें कसें? कांहीं हौशी लोक जुनी बस विकत घेतात, पुढचीं दोन-चार आसनें ठेवून मागचें छप्पर व भिंती कापून काढतात व तेथें सपाट तळ तयार करतात.

तरफेचा पाठ चालू असतां मीं ही हकीकत वर्गांत सांगितली, तेव्हां एक विद्यार्थी चटकन् म्हणाला, "गुरुजी, मग त्यांत अवघड तें काय? साठ मुलें, प्रत्येकाचें वजन चाळीस किलो, म्हणजे २,४०० किलो झालें. ट्रॅक्टर २,००० किलोंचा असला, तर तो मुलांहून हलकाच!" त्याचा गुणाकार अचूक होता, परंतु तेवढ्यावर विसंबून कोणी बस हांकली, तर त्याच्या प्राणांवर बेतेल. कां तें पाहूं.

मुलें बसच्या सबंध लांबींत पसरलेलीं असतात. ट्रॅक्टरचें सर्व वजन मात्र त्याच्या चाकांखालच्या वीतभर जागांवर उतरतें. बसच्या तळाचा पत्रा पावलांसाठीं केलेला, म्हणून पातळ असतो; तो त्या भारानें वांकेल. खरें बळ त्याखालच्या सांगाड्याच्या दोन लांब पोलादी तुळयांत आहे. तेव्हां आडव्या तुळया व जाड फळ्या टाकून भार तेथवर पोंचविला पाहिजे. ह्या लांब तुळयांचा छेद इंग्रजी 'सी' अक्षरासारखा असतो. तुळई वांकूं लागली कीं तिच्या वरच्या व खालच्या कडांवर ताण सर्वांत अधिक येतो आणि मध्यभागीं सर्वांत कमी. म्हणून जाणता कारागीर ह्या कडांना भोंक पाडीत नाहीं.

आतां मुख्य गणित. समजा, बसच्या पुढच्या व मागच्या आंसांत ६ मीटर अंतर आहे. ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य मागच्या आंसाच्या १.५ मीटर मागें पडला, तर मागचा आंस हा टेकू होतो. २,००० ला १.५ नें गुणून ६ नें भागा. उत्तर ५०० येतें. म्हणजे पुढच्या आंसावरील भार ५०० किलोंनीं घटतो व मागच्या आंसावर २,५०० किलो वाढतात. पुढचीं चाकें हलकीं झालीं कीं रस्त्यावरील त्यांची पकड कमी होते, आणि वाहनाला वळविणारीं चाकें तींच! आतां तोच ट्रॅक्टर आंसाच्या १.५ मीटर पुढें सरकवा. पुढच्या आंसावर ५०० किलो येतात व मागच्यावर १,५०० च वाढतात. वजन तेंच, वाहन तेंच. तीन मीटरांच्या फरकानें घात टळला.

चढवितांना तर अधिकच जपावें लागतें. तळ १ मीटर उंच व उतरण ४ मीटर लांब असेल, तर घर्षण सोडून दिल्यास चौथाई बळ, म्हणजे ५०० किलो, पुरतें. उतरण आंखूड केली कीं बळ वाढतें व धोकाही वाढतो. ट्रॅक्टर पुढच्या तोंडानें चढवितांना मागच्या चाकांच्या जोरानें त्याचें तोंड वर उचललें जाऊन तो चालकासह मागें उलटूं शकतो. म्हणून तो विंचेच्या दोरानें सावकाश ओढून घेणें बरें. मात्र ताणलेल्या दोराच्या रेषेंत कोणीही उभें राहूं नये. ट्रॅक्टर बसच्या मागल्या टोकावर येतो त्या क्षणीं ती सर्वांत अधिक उलाळ होऊं पाहते. तेथें खालून भक्कम आधार हवा.

आणखी एक गोष्ट. रानांत पकड यावी म्हणून जुन्या ट्रॅक्टरांच्या मागच्या टायरांत पुष्कळदां पाणी किंवा कॅल्शियम क्लोराइडचें द्रावण भरलेलें असतें. म्हणून छापील वजनावर न विसंबतां कांट्यावर तोलून पाहावें. मग चाकांना लांकडी पाचरी लावून साखळदंडांनीं यंत्र आंवळावें. मालवाहू वाहनांविषयींच्या अमेरिकन नियमांप्रमाणें सर्व बंधनांची मिळून सुरक्षित शक्ति मालाच्या वजनाच्या निम्म्याहून कमी असूं नये. शिवाय 'शाळेची बस' हीं अक्षरें व थांब्याचे लाल दिवे काढून टाकावे लागतात. तीं चिन्हें पाहून इतर वाहनें मुलांसाठीं थांबतात. त्या विश्वासाचा दुरुपयोग होतां कामा नये.

वरील विद्यार्थ्यानें हें गणित फळ्यावर स्वतः सोडविलें व खालीं बसतांना म्हणाला, "गुरुजी, माझा गुणाकार बरोबर होता, पण मीं अंतर विचारलेंच नाहीं." हें वाक्य वर्गानें वहींत उतरून घेतलें. पालकांनींही घरीं मुलांकडून पुढील उदाहरण सोडवून घ्यावें: वरच्याच बसच्या पुढच्या आंसावर बरोबर ४०० किलो यावयास हवे असतील, तर ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य मागच्या आंसाच्या किती पुढें ठेवावा?