उपग्रहाच्या चित्रातलं आपलं शिवार



उसाची नोंद घेताना आमची नेहमीची अडचण अशी, की नोंदीला एक एकर आणि प्रत्यक्षात त्याच रानात चार खोल्या नि दोन गाळे उभे. अशा नोंदींवर अंदाज बांधला की तोडणीच्या टोळ्या एका गावात जादा जातात आणि दुसऱ्या गावचा ऊस तोडीवाचून वाळतो.

यावर उपग्रहाची चित्रे उपयोगी पडतात. अमेरिकेचा पहिला लँडसॅट १९७२ साली सुटला. त्याच्या चित्रातला एक ठिपका सुमारे ८० मीटरांचा, म्हणजे दीड एकराहून मोठा. कोयनानगरचा शिवसागर त्यात दिसेल, घर कुठलं दिसायला! २०१५ पासून फिरणाऱ्या युरोपच्या सेंटिनल-२ चा ठिपका मात्र १० मीटरांचा, म्हणजे जवळपास एक गुंठा. हे माप आपल्याला वेगळं शिकावं लागत नाही. चित्रेही फुकट मिळतात.

हिरवं पान डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परत फेकतं. चित्रात त्याला लाल रंग देतात. म्हणून उभा ऊस लालभडक, पाणी काळं, घरं-रस्ते निळसर करडे. जुनं नि नवं चित्र शेजारी ठेवलं, की कोयनेच्या काठाने खाली कराडकडे येताना लालाचं करडं कुठं झालं ते कळतं.

पण एकाच चित्रावर विसंबू नये. फेब्रुवारीच्या चित्रातला एक करडा पट्टा आम्ही प्लॉट समजून वहीत लिहिला. जागेवर गेलो तर नुकताच तुटलेला ऊस, आणि मालक पाचट पसरताहेत! त्यांनी चहा पाजला, पण हसलेही. तुटलेलं रान, नांगरट, वीटभट्टी नि घराचं छप्पर चित्रात पुष्कळदा सारखंच दिसतं. तेव्हा वर्षातली तीन-चार चित्रे पाहावीत. खोडवा फुटला की रान पुन्हा लाल होतं, छप्पर होत नाही. पावसाळ्यात ढग आड येतात, त्यामुळे आडसाली लागण दिवाळीच्या सुमारास पाहिलेली बरी.

मालकी आणि हद्द चित्रात दिसत नाही, त्याला मोजणीच हवी. भाऊबंदकीच्या वादात कुणी हे चित्र पुढे करू नये. ज्यांच्या रानात अलीकडे बांधकाम झालं आहे, त्यांनी गट ऑफिसात येऊन चित्र पाहावं आणि चिटबॉयकडून नोंदीचं क्षेत्र दुरुस्त करून घ्यावं.